एकदा केलेले गणित, जपून ठेवलेले उत्तर
संगणकीय सदृशीकरणाचा वेग वाढविणारी एक साधी युक्ती आणि तिची पथ्ये

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात पैठणगेटकडून टिळकपथाने निघाले म्हणजे थोड्याच अंतरावर गुलमंडी लागते. सणासुदीच्या दिवसांत या बाजारपेठेतील कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांची रीघ लागलेली असते. अठ्ठेचाळीस रुपये मीटरचे कापड कोणी सव्वातीन मीटर मागतो, कोणी अडीच मीटर मागतो. जुन्या पिढीतील दुकानदार कागद-पेन्सिलीकडे वळत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी हे पाढे त्याने शाळेतच पाठ केलेले असत. तीन मीटरचे १४४ रुपये आणि पावकीतले १२ रुपये मिळून १५६ रुपये, हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार असे. ज्यांची पाठांतरावर भिस्त नव्हती, ते गल्ल्याजवळ दरांचा तयार तक्ता ठेवीत. एका बोटाने मीटर आणि दुसऱ्या बोटाने दर धरला की जेथे ओळ व रकाना मिळत, तेथे रक्कम लिहिलेली असे.

या व्यवहाराच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे. जे गणित वारंवार करावे लागते, ते एकदाच काळजीपूर्वक करावे, उत्तर जपून ठेवावे आणि पुढील प्रत्येक वेळी ते नुसते पाहून घ्यावे. मात्र या तत्त्वाला एक अटही जोडलेली आहे. कापडाचा दर बदलला, तर त्याच दिवशी तक्ताही बदलला पाहिजे. जुन्या तक्त्यावरून केलेला हिशेब झटपट होईल, पण चुकीचा होईल.

आज हवामानाचा अंदाज, धरणांचे जलनियोजन, शहरांची वाहतूक अशा अनेक लोकोपयोगी कामांत संगणकाची मदत घेतली जाते. या कामांचा वेग वाढविण्यासाठी संगणकशास्त्रज्ञ जी एक प्रमुख युक्ती योजतात, ती गुलमंडीतील या तक्त्याहून तत्त्वतः निराळी नाही. तिचे सामर्थ्यही तेच आहे आणि तिचा धोकाही तोच आहे.

सदृशीकरण म्हणजे काय?

एखादी गोष्ट प्रत्यक्षात करून पाहणे खर्चाचे, धोक्याचे किंवा अशक्य असते, तेव्हा तिची प्रतिकृती तयार करून तीवर प्रयोग केले जातात. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या व बंदरांच्या लहान प्रतिकृतींतून पाणी खेळवून अभ्यास करण्याची परंपरा फार जुनी आहे. या केंद्राचा आरंभ १९१६ मध्ये झाला. हेच काम सिमेंट-मातीच्या प्रतिकृतीऐवजी आकड्यांच्या साहाय्याने संगणकात केले, म्हणजे त्याला संगणकीय सदृशीकरण किंवा सिम्युलेशन असे म्हणतात.

सदृशीकरणात काळाचे लहान लहान टप्पे पाडले जातात. पहिल्या क्षणाची स्थिती दिलेली असते. निसर्गाचे किंवा व्यवहाराचे नियम लावून दुसऱ्या क्षणाची स्थिती काढावयाची, तीवरून तिसऱ्या क्षणाची, असे हे गणित पायरीपायरीने पुढे जाते. एकेक पायरी सोपी असते, पण पायऱ्या लक्षावधी असतात आणि प्रत्येक पायरीवर हजारो ठिकाणांचे गणित करावे लागते. बारकाईने पाहिले, तर या प्रचंड आकडेमोडीत तेच ते गणित पुन्हा पुन्हा येत असल्याचे आढळते. हे पुनरावृत्त गणित टाळणे हाच वेग वाढविण्याचा मार्ग होय.

यासाठी काढलेली उत्तरे ज्या ठिकाणी साठवून ठेवतात, त्या साठ्याला संगणकाच्या परिभाषेत ‘कॅश’ म्हणतात. रोख रकमेच्या कॅशशी या शब्दाचा संबंध नाही. त्याचे मूळ फ्रेंच भाषेत असून वस्तू लपवून ठेवण्याची जागा असा त्याचा अर्थ आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ डोनाल्ड मिची यांनी १९६८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील लेखात, स्वतःची पूर्वीची उत्तरे लक्षात ठेवणाऱ्या गणितकृतींची कल्पना मांडली आणि त्यांना ‘मेमो’ असे विशेषण दिले. कार्यालयात आठवणीसाठी लिहिलेल्या टिपणाला जो शब्द वापरतात, तोच हा शब्द होय.

गुलमंडीच्या वाहतुकीचे उदाहरण

कल्पना स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दिवाळीच्या आठवड्यात गुलमंडी, औरंगपुरा, मछली खडक, सिटी चौक आणि पैठणगेट या परिसरातील वाहतुकीचे नियोजन करावयाचे आहे, असे समजा. परिसराच्या नकाशावर लहानमोठे मिळून ६० चौक धरले. एका संध्याकाळी ३०,००० वाहने या चौकांपैकी एकाकडून दुसऱ्याकडे जातात, असे मानले. संगणकाने प्रत्येक वाहनासाठी सर्वांत जवळचा मार्ग शोधावयाचा आणि मग कोठे किती गर्दी होते ते पाहावयाचे.

सरळ पद्धतीने गेल्यास मार्ग शोधण्याचे गणित ३०,००० वेळा करावे लागेल. नियोजनासाठी वाहनतळाच्या जागा, सिग्नलची वेळ अशा गोष्टी बदलून शंभर पर्याय तपासावयाचे असतील, तर हा आकडा ३० लाखांवर जातो. एका शोधास सेकंदाचा शंभरावा भाग लागतो असे धरले, तरी एकूण वेळ ८ तास २० मिनिटे होतो.

आता दुसऱ्या पद्धतीचा विचार करू. साठ चौकांपैकी कोणत्याही एकाकडून कोणत्याही दुसऱ्याकडे जाण्याच्या जोड्या ६० गुणिले ५९, म्हणजे ३,५४० इतक्याच आहेत. वाहने कितीही असली, तरी मार्ग यापेक्षा अधिक असू शकत नाहीत. पैठणगेटहून सिटी चौकाकडे जाणाऱ्या पहिल्या वाहनासाठी मार्ग शोधला की तो तक्त्यात लिहून ठेवावयाचा. त्यानंतरच्या वाहनांना तो तक्त्यातूनच द्यावयाचा. अशा रीतीने ३,५४० शोधांना सुमारे ३५ सेकंद लागतील. तक्ता पाहण्यास सेकंदाचा एक लाखावा भाग लागतो असे धरल्यास ३० लाख वेळा तो पाहण्यास ३० सेकंद पुरतील. आठ तासांचे काम जवळजवळ एका मिनिटात होईल, आणि उत्तरात तसूभरही फरक पडणार नाही.

येथे एक अडचण उद्भवते. सायंकाळी पाच ते नऊ या वेळेत गुलमंडीचा रस्ता वाहनांना बंद ठेवावा, असा पर्याय तपासावयाचा झाला तर? तक्त्यातील जे मार्ग गुलमंडीवरून जातात, ते सर्व त्या चार तासांपुरते निरुपयोगी ठरतात. संगणकाला हे सांगितले नाही, तर तो निमूटपणे जुनाच मार्ग देत राहील आणि कागदावर वाहने बंद रस्त्यावरून धावत राहतील. अग्निशामक बंब किंवा रुग्णवाहिका किती मिनिटांत पोहोचेल याचा निष्कर्ष अशा सदृशीकरणावरून काढला, तर तो प्रत्यक्षात घातक ठरू शकेल. म्हणून तक्त्यातील प्रत्येक नोंदीवर निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण लिहून भागत नाही. ती नोंद कोणत्या वेळेला आणि कोणत्या स्थितीला लागू आहे, हेही लिहावे लागते.

या युक्तीला स्मृतीची किंमत मोजावी लागते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाच्या मुख्य स्मृतीत अवघे २,०४८ शब्द मावत. वर वर्णन केलेला ३,५४० मार्गांचा तक्ता तीत बसलाच नसता. त्या काळी जागा महाग होती. आज स्मृती विपुल झाल्यामुळे उत्तरे साठविणे परवडते.

पुनरावृत्ती किती दडलेली असते?

वरवर पाहता ज्या गणितांत काहीही समान दिसत नाही, त्यांतही किती पुनरावृत्ती असते, याचे एक सुंदर उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. नाशिकजवळ देवळाली येथे शिक्षक असलेले गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधून काढला. शाळेतील विद्यार्थ्यांनाही तो करून पाहता येईल.

चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून, तेच अंक चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. अधिकाधिक सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि पुढे तीच येत राहते. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७, नंतर ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२ आणि शेवटी ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४.

आरंभीची शून्ये धरून अशा संख्या ९,९९० आहेत. प्रत्येकीची कृती स्वतंत्रपणे शेवटपर्यंत केल्यास एकूण ४६ हजारांहून अधिक वजाबाक्या कराव्या लागतात. परंतु ४६३५ ही संख्या घेऊन पाहावी. तिचे पहिलेच उत्तर ३०८७ येते. ३५२४ पासून निघालेली वाट तेथूनच गेलेली असल्यामुळे पुढचे काहीही करण्याचे कारण उरत नाही. प्रत्येक संख्येचे उत्तर एकदाच काढून जपून ठेवले, तर दहा हजारांहूनही कमी वजाबाक्या पुरतात.

आणखी विचार केल्यास त्याहूनही मोठा लाभ होतो. पहिल्या पायरीचे उत्तर केवळ दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक म्हणजे सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांमधील फरक आणि दुसरी म्हणजे मधल्या दोन अंकांमधील फरक. या दोन फरकांच्या जोड्या फक्त ५४ होतात. म्हणजे ९,९९० निरनिराळ्या संख्या पहिल्या पायरीनंतर ५४ संख्यांत येऊन मिळतात. साठा करण्यापूर्वी उत्तर खरोखर कशावर अवलंबून आहे हे ओळखले, तर साठा लहान होतो आणि उपयोग मोठा होतो, हा धडा यातून मिळतो.

हीच कल्पना सदृशीकरणात किती दूरवर नेता येते, हे अमेरिकन संगणकतज्ज्ञ बिल गॉस्पर यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. ब्रिटिश गणिती जॉन कॉनवे यांनी १९७० मध्ये चौकटींच्या पटावरील ‘लाइफ’ नावाचा एक खेळ जगापुढे आणला होता. प्रत्येक चौकटीचे जगणे-मरणे तिच्या आठ शेजाऱ्यांवरून ठरते आणि पिढ्यान्‌पिढ्या नवनव्या आकृती निर्माण होतात. गॉस्पर यांनी पटाचे लहानमोठे चौरस पाडले आणि एखाद्या चौरसाचे पुढे काय होते ते एकदाच काढून ठेवले. तोच चौरस पटावर अन्यत्र किंवा नंतरच्या पिढीत आढळला की साठ्यातील उत्तर वापरावयाचे. त्यामुळे सुसूत्र आकृतींच्या बाबतीत अब्जावधी पिढ्यांचे भविष्य अल्पावधीत काढता येऊ लागले. मात्र आकृती अगदी अस्ताव्यस्त असेल आणि काहीच पुन्हा येत नसेल, तर या पद्धतीचा फारसा लाभ होत नाही. पुनरावृत्ती असेल तेथेच साठ्याला अर्थ असतो.

पुण्यातील हवामानाचे गणित

या तत्त्वाचा शेतकऱ्याच्या जीवनाशी निकटचा संबंध हवामानाच्या अंदाजात येतो. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी जून महिन्यात आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. पुरेशी ओल होण्यापूर्वी पेरणी केली आणि पावसाने ओढ दिली, तर बियाणे वाया जाऊन दुबार पेरणीचे संकट ओढवते. उद्याचा अंदाज उद्या संध्याकाळी हाती आला, तर त्याचा काडीमात्र उपयोग नसतो. येथे गणित अचूक असणे जितके आवश्यक आहे, तितकेच ते वेळेत पूर्ण होणेही आवश्यक आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत विकसित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आली. तीत पृथ्वीचे पृष्ठ सुमारे ६ किलोमीटरच्या चौकटींत विभागलेले आहे. त्यापूर्वीच्या पद्धतीत चौकट १२ किलोमीटरची होती. चौकटीची लांबी निम्मी केली की चौकटींची संख्या चौपट होते. शिवाय काळाची पायरीही साधारण निम्मी करावी लागते, म्हणून एकूण गणित सुमारे आठपट वाढते. हा भार पेलण्यासाठी संस्थेत ‘अर्क’ हा महासंगणक बसविण्यात आला असून त्याचे लोकार्पण २६ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या गणिती क्रिया.

एवढ्या बलाढ्य यंत्रालाही वाया घालविण्याजोगा वेळ नसतो. म्हणून जगभरातील हवामान-प्रतिरूपांत साठविलेल्या उत्तरांचा मुक्त हस्ते उपयोग केला जातो. हवेत जास्तीत जास्त किती बाष्प मावेल, हे मुख्यतः तापमानावर अवलंबून असते. प्रत्येक चौकटीत, प्रत्येक उंचीवर आणि प्रत्येक पायरीवर हा आकडा लागतो. तो दर वेळी मूळ सूत्रावरून न काढता अनेक प्रतिरूपांत तापमानानुसार आधीच केलेल्या तक्त्यातून घेतला जातो. त्याचप्रमाणे सूर्यप्रकाश व उष्णता वातावरणातून कशी जाते याचे गणित अतिशय खर्चाचे असते. वाऱ्याचे व दाबाचे गणित दर काही मिनिटांच्या पायरीने पुढे जात असताना, प्रारणाचे हे संपूर्ण गणित साधारणतः तासाला एकदा किंवा त्याहूनही विरळ केले जाते. मधल्या पायऱ्यांना ते शेवटचे उत्तर वापरतात आणि सूर्य किती वर आला तेवढी दुरुस्ती करतात.

मात्र या दोन उदाहरणांत एक महत्त्वाचा भेद आहे. बाष्पाचा तक्ता कायमचा असतो, कारण निसर्गनियम बदलत नाही. प्रारणाचे साठविलेले उत्तर मात्र अल्पजीवी असते, कारण तासाभरात ढग दाटून येऊ शकतात. साठविलेल्या प्रत्येक उत्तराला आयुष्य असते आणि ते किती, हे ठरविणे हाच या शास्त्रातील कौशल्याचा भाग होय.

तक्ता शिळा कसा होतो?

संगणक येण्यापूर्वी कित्येक शतके महाराष्ट्राने या दोन्ही बाजू अनुभवल्या आहेत. पाडव्याच्या सुमारास बाजारात जी पंचांगे येतात, त्यांच्या गणिताला मोठी परंपरा आहे. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० च्या सुमारास, ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. ग्रहांची स्थिती काढण्यासाठी फार पूर्वीच्या आरंभापासून गेलेले दिवस मोजण्याचे क्लिष्ट काम तेव्हा करावे लागे. गणेश दैवज्ञांनी ११ वर्षांची, म्हणजे ४,०१६ दिवसांची चक्रे कल्पिली आणि एका चक्रात प्रत्येक ग्रहाच्या स्थितीत किती फरक पडतो ते आधीच काढून दिले. पंचांगकर्त्याने चक्रांची संख्या घेऊन गुणाकार करावा आणि उरलेल्या दिवसांचेच गणित करावे. एकदा केलेले गणित पुढील पिढ्यांना तयार देण्याचाच हा प्रयत्न होता. म्हणूनच तो ग्रंथ शतकानुशतके प्रचारात राहिला.

परंतु आकाश आणि कोष्टक यांत अतिसूक्ष्म अंतर असले, तरी ते वर्षानुवर्षे साचत जाते. एकोणिसाव्या शतकापर्यंत जुन्या कोष्टकांवरून येणारी आणि प्रत्यक्ष दिसणारी ग्रहस्थिती यांतील फरक ठळक झाला होता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून नव्या वेधांवर आधारलेले गणित मराठीत आणले. पुढे भारत सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. प्राचीन सिद्धान्तातील वर्षाचे मान ऋतुचक्राच्या वर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठे असल्यामुळे सुमारे १,४०० वर्षांत २३ दिवसांचे अंतर पडल्याचे समितीने दाखवून दिले. वर्षाला २४ मिनिटांची तफावत कोणाच्याही लक्षात येत नाही, पण जपून ठेवलेला आकडा न तपासता वापरत राहिल्यास ती २३ दिवसांची होते.

नाथसागराचा तक्ता

आजच्या काळातील असेच एक उदाहरण थेट पिण्याच्या पाण्याशी निगडित आहे. छत्रपती संभाजीनगर शहराला पाणी मुख्यतः पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे नाथसागरातून येते. धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्याची पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट आणि उपयुक्त साठ्याची मूळ क्षमता २,१७१ दशलक्ष घनमीटर आहे. जलाशयातील पाणी रोज कोणी मापाने मोजत नाही. पातळी वाचली जाते आणि त्या पातळीला किती पाणी असते, हे तयार तक्त्यावरून सांगितले जाते. जलाशयाच्या तळाचे सर्वेक्षण करून हे गणित आधीच केलेले असते. गोदावरी खोऱ्यातील धरणांचे संगणकीय सदृशीकरण करतानाही हाच तक्ता हजारो वेळा वापरला जातो.

हा तक्ता ज्या गृहीतावर उभा आहे, ते म्हणजे जलाशयाचा तळ. दर पावसाळ्यात नदी गाळ आणते आणि तळ हळूहळू बदलतो. पातळी तीच राहते, पण तिच्याखालील पाणी कमी होते. तक्ता मात्र जुनाच आकडा सांगत राहतो. यासाठीच जलाशयांतील गाळाचे सर्वेक्षण वेळोवेळी केले जाते. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे ‘मेरी’मध्ये, उपग्रहांच्या छायाचित्रांवरूनही हे काम होते.

या आकड्यांवर किती गोष्टी अवलंबून असतात, हे पाहण्याजोगे आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ नुसार खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य झाले. प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशात, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा विचार व्हावा, अशी मर्यादा धरण्यात आली. म्हणजे एखाद्या टक्क्याच्या फरकावर नाशिक-अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यातील पाण्याचा निर्णय अवलंबून राहू शकतो. उपयुक्त साठ्याचा एक टक्का म्हणजे सुमारे २१.७ दशलक्ष घनमीटर पाणी. शहरी भागासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले, तर तेवढे पाणी सुमारे ४ लाख ४० हजार लोकांना वर्षभर पुरेल. साठविलेला आकडा केव्हा तपासावा, हा प्रश्न तांत्रिक असला तरी त्याचे उत्तर घराघरातील हंड्यापर्यंत पोहोचते.

पाळावयाची पथ्ये

वरील उदाहरणांवरून उत्तरांचा साठा करताना पाळावयाचे काही नियम सांगता येतात.

पहिला नियम असा की, त्याच प्रश्नाचे तेच उत्तर येत असेल तरच ते साठवावे. फासे टाकून ठरणाऱ्या गोष्टीचे एकदाचे उत्तर पुढच्या वेळी वापरणे ही फसगत होय.

दुसरा नियम असा की, उत्तर ज्या ज्या गोष्टींवर अवलंबून आहे, त्या सर्वांची नोंद साठ्यातील चिठ्ठीवर असावी. गुलमंडीच्या उदाहरणात रस्ता बंद असण्याची वेळ नोंदविली नाही, तर सर्व तक्ताच संशयास्पद ठरतो.

तिसरा नियम जागेसंबंधीचा आहे. साठा अमर्याद वाढू देता येत नाही. पुष्कळदा, जे उत्तर फार दिवसांत कोणी मागितलेले नाही ते काढून टाकून नव्याला जागा देण्याची पद्धत अवलंबिली जाते.

चौथा नियम आयुष्यासंबंधीचा आहे. प्रत्येक उत्तर केव्हा काढले आणि कोठवर ग्राह्य आहे, हे आधीच ठरवावे. शासकीय कामकाजात ‘रेडी रेकनर’ म्हणून परिचित असलेले मिळकतींचे वार्षिक मूल्यदर तक्ते याच तत्त्वावर चालतात. प्रत्येक दस्तासाठी मिळकतीचे नव्याने मूल्यांकन न करता तक्त्यातील दर आधाराला घेतला जातो, पण त्या तक्त्यावर वर्ष छापलेले असते.

पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. अधूनमधून काही उत्तरे मूळ सूत्रावरून पुन्हा काढावीत आणि साठ्याशी ताडून पाहावीत. फरक आढळल्यास साठा रद्द करण्यास संकोच करू नये. वेग हा सोयीचा भाग आहे आणि सत्याशी मेळ हा कर्तव्याचा भाग आहे.

गावपातळीवरील उपयोग

२४ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय पंचायत राज मंत्रालय आणि भारतीय हवामानशास्त्र विभाग यांनी ग्रामपंचायत पातळीवरील हवामान अंदाजाचा उपक्रम सुरू केला. पुण्यातील व नोएडातील महासंगणकांचे गणित अशा रीतीने ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत येऊ लागले आहे. ते गणित करणे हे पंचायत सदस्याचे काम नव्हे. परंतु समोर आलेला अंदाज आजचा आहे की परवाचा, फलकावर लिहिलेला पाणीसाठा कोणत्या तारखेचा आहे, हे विचारणे त्याच्या हाती आहे. सकाळी ताजा अंदाज आला असता फलकावर कालचाच अंदाज राहिला, तर महासंगणकाने वाचविलेले तास गावाच्या दृष्टीने वाया जातात.

शिक्षकांना हा विषय वर्गात आणणे अवघड नाही. पाढे पाठ का करावयाचे, असे मुले विचारतात. कापरेकरांच्या संख्येची कृती वर्गातील चाळीस मुलांना वाटून दिली आणि आलेली उत्तरे फळ्यावर लिहीत गेले, तर आपल्याला हवे असलेले उत्तर दुसऱ्याने आधीच काढून ठेवले आहे, हे मुलांच्या लवकरच ध्यानात येईल. त्यानंतर फळ्यावरील एखादे उत्तर मुद्दाम चुकीचे लिहून पाहावे. ज्यांनी त्यावर विसंबून पुढची पायरी केली, त्या सर्वांची वाट चुकलेली दिसेल.

गुलमंडीतील दुकानदार नवा दर आला की जुना तक्ता फाडून टाकीत असे. त्याने तो तक्ता स्वतः केलेला असे, म्हणून तो कशावर आधारलेला आहे हे त्याला ठाऊक होते. आज तक्ते दूरच्या यंत्रात तयार होतात आणि आकडा मात्र क्षणार्धात समोर येतो. अशा वेळी प्रत्येक आकड्याबरोबर त्याची तारीख आणि त्याचा आधार मागण्याची सवय अधिकारी, शिक्षक आणि लोकप्रतिनिधी यांनी अंगी बाणविली, तर यंत्राचा वेग लोकांच्या खऱ्या उपयोगी पडेल.